सातवी पत्रावळ

मी खोटं बोलतो. लय बोलतो.

चिमूरात कोणालेही विचारा. मुखरू सायकलवाला म्हटलं का लोक आधी बसायची जागा झटकून पाह्यते, मंग बसते. पाटलाच्या खुर्चीले खाजकुयली मीच लावली होती. पोस्टमास्तरच्या टोपीत बेडूक मीच ठेवला होता. त्याची मले आजही लाज नाई.

आता असा माणूस म्हणते का हे खरं आहे, तर तुम्ही काऊन मानसान?

नका मानू.

पण दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या का माह्या दुकानात येऊन "मुखरूभाऊ, लेकरांले घेऊन कोसबोडीले जातो, दोन सायकली काढा" असं म्हणू नका. कोसबोडीसाठी माह्या दुकानातून सायकल नाई भेटत. तुमाले राग येईल. येऊ द्या. माह्याइतका नाई येणार.

छप्पन सालची दिवाळी. भाऊबीज होऊन दुसरा दिवस.

टाइम भर दुपारचा. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. ऊन असं होतं का तलावाकडं पाहताना डोळे बारीक करा लागे. भुताची गोठ रात्रीच घडते असं ज्याले वाटते, त्यानं इथंच वाचणं बंद करावं.

जागा मस्तच आहे. त्यात खोटं नाई बोलणार. तीन बाजूनं डोंगर, मधात तलाव, काठावर कालव्याच्या साहेबाचा बंगला अन् मासे धरणाऱ्या ढिवरांची दहा-बारा घरं. चिंचेले दोराचे झुले टांगलेले. लेकरं गरी टाकून मासोळ्या धरते. पोरं टेकडीवर चढते, बायका सावलीत बसते. टेकडीकडं तोंड करून हाक मारली का हाक जशीच्या तशी वापस येते. अन् देवाजी ढिवर डोंग्यातून तलाव फिरवून आणते. दोन डोंगे एकमेकाले बांधून वरत फळ्या टाकलेल्या, म्हणून म्हातारं माणूसही भेत नाई. फिरून आलं का देवाजीची बायको आशाबाई गोवऱ्याच्या आरात भाजलेले कणकेचे पानगे अन् वांग्याची भाजी वाढे.

आम्ही पाच झणं बैलाच्या रेंगीनं गेलो. मी, माह्यी बायको वच्छला, माह्यी मोठी बहीण गुणाबाई, जिले मी नुसतं बाई म्हणतो, तिचा नवरा म्हणजे आमचा भाटवा रामाजी मास्तर, अन् त्याइची एकुलती एक पोरगी चंदा.

चंदा आठ वर्षाची. माह्यी चेली.

वरोऱ्याहून आली का दोन दिवसांत चिमूरच्या अर्ध्या गल्लीले रडवे. बापाचा चष्मा तांदळाच्या डब्यात घालायची आयडिया माह्यी, घातला तिनं. मास्तरनं तिचा कान लाल होईपर्यंत पिरगाळला, पण पोट्टीनं मामाचं नाव घेतलं नाई. आमचा ठराव होता. एकानं दुसऱ्याचं नाव सांगायचं नाई. मार खायचा, पण नाई सांगायचं.

अन् तिचं हासणं. ते ध्यानात ठेवा. ती हासत सुटली का शेवटी उचकी लागे. हासू, हासू, मंग एक उचकी. मंग त्या उचकीवर पुन्हा हासू. गल्लीच्या टोकावरून कळे का चंदा आली.

आशाबाई चिंचेखाली पंगत मांडून राह्यली होती. पळसाच्या सहा पत्रावळी. आम्ही पाच अन् देवाजी.

सगळ्या पालथ्या.

"आशाबाई, ह्या उलट्या काऊन मांडून राह्यल्या?" वच्छलानं विचारलं.

"पाण्यावर जाणाऱ्याची पालथी राह्यते. वापस आला का त्यानं आपल्या हातानं सरळ करायची. सगळ्याइच्या सरळ झाल्या का मंग वाढतो."

"अन् कोणी नाई आला तर?"

आशाबाईनं पळी भाजीत फिरवली. "येते ना सगळे. येते म्हणूनच मांडतो."

रामाजी मास्तर हासला. "पत्रावळ पालथी घातल्यानं माणूस बुडत नाही, असं कोणत्या पुस्तकात आहे?"

"आमच्यात पुस्तक नाई, मास्तर. तुम्ही हासा. फक्त आपली आपल्या हातानं सरळ करा, दुसऱ्याची नका करू."

आता तुम्हीच सांगा. असं काही ऐकल्यावर माह्यासारखा माणूस चूप बसन काय?

सगळे डोंग्याकडं निघाले. मी चंदाकडं पाह्यलं. मंग पत्रावळीच्या गठ्ठ्याकडं पाह्यलं. एक भुवई वर केली.

तिले तेवढं पुरे होतं.

आशाबाई चुलीकडं वळली तशी पोट्टीनं गठ्ठ्यातून एक पत्रावळ ओढली, पंगतीच्या शेवटी पालथी घातली, अन् झगा झटकत आली. दोन्ही हातांनी तोंड दाबून. उचकी आतल्या आत.

सहाच्या सात झाल्या.

डोंगा निघाला. मजा होती. बाई गाणं गुणगुणून राह्यली होती. मास्तर बदकाइची नावं सांगून राह्यला होता, कोणी न विचारता. मधात आल्यावर चंदा उभी झाली अन् टेकडीकडं तोंड करून ओरडली, "मामाऽऽ."

टेकडी म्हणाली, "मामाऽऽ."

"बाबाऽऽ."

"बाबाऽऽ."

मंग तिनं आपलंच नाव घेतलं. "चंदाऽऽ."

टेकडी...

टेकडी चूप.

आम्ही थांबलो. तिनं पुन्हा हाक मारली. जास्त जोरानं. काही नाई. अन् तेव्हा मले जाणवलं का बदकंही चूप आहे. पाण्यावर बसूनच होते सगळे. पण एकाचाही आवाज नाई.

"वारा फिरला असेल," मास्तर म्हणाला.

वारा नव्हताच.

देवाजीनं वल्हं पाण्यात घातलं. "चला वापस." दहा-बारा हात मारले असन, अन् त्याले दम लागला. तो माणूस रोज ह्या तलावात डोंगा चालवणारा. त्यानं मांगं वळून आमाले एक-एक करून पाह्यलं.

"डोंगा जड येऊन राह्यला," तो म्हणाला.

"भाटव्याचं पोट पाहा ना," मी म्हटलं. बायका हासल्या. देवाजी नाई हासला.

काठावर आलो. देवाजीनं आपली पत्रावळ सरळ केली. बाईनं केली. वच्छलानं केली. मास्तरनं दोन बोटांनी धरून, नाटकातल्यासारखी केली. मी केली. चंदानं बाईच्या बाजूची आपली पत्रावळ सरळ केली. आपल्या हातानं. मी स्वतः पाह्यलं. हे मी देवासमोर सांगन.

मंग आशाबाई पानगे घेऊन आली.

अन् थांबली.

"ही कोणाची?"

मी तोंड लांब केलं. ह्या कामात माह्या हात कोणी नाई धरणार. तलावाकडं पाह्यलं, डोळे पुसले, म्हटलं, "राह्यला वाटते बापा एक झण."

आशाबाईच्या हातातली परात खाली पडली. पानगे राखेत लोळत गेले.

चंदा फुटली. हासू, हासू, मंग उचकी. मीही हासलो. गुणाबाईनं माह्या पाठीत धपाटा घातला, "मुखऱ्या, सोन्यासारखे पानगे मातीत घातले रे तू."

देवाजी ओरडला नाई. शिव्या नाई देल्या. तो माह्यासमोर उकिडवा बसला अन् बारीक आवाजात विचारलं, "कोणं मांडली?"

मी चंदाकडं पाह्यलं. तिनं माह्याकडं पाह्यलं. मास्तरचा हात आधीच तिच्या कानाकडं निघाला होता.

"मी," मी म्हटलं. "मी मांडली."

"आपल्या हातानं?"

"आपल्या हातानं."

चेलीले वाचवलं होतं ना मी. छाती फुगली होती माह्यी.

देवाजीनं माह्यं मनगट धरलं. वल्हं मारणाऱ्या माणसाची पकड. आशाबाईनं चुलीतली राख आणून माह्याभोवती गोल टाकला. "दिवस टेकडीआड होईपर्यंत ह्यातून उठायचं नाई," देवाजी म्हणाला. "पाण्याकडं पाहायचं नाई. कोणी हाक मारली तरी नाई."

"अन् मुतायले लागलं तर?" मी विचारलं.

वच्छला लाजेनं लाल. मास्तर चिडला, "मुखरू, पुरे आता. या लोकांच्या खुळ्या समजुतीले तू आणखी खतपाणी घालून राहिला."

सगळे माह्याकडं पाहून राह्यले होते. सगळे. देवाजी, आशाबाई, माह्यी बायको, बहीण, भाटवा. जसं काही मी सर्कशीतलं अस्वल.

अन् मी त्याइले हसवून राह्यलो होतो. पाच मिनिटं. लय झालं तर दहा.

मंग मले कायतरी कमी वाटलं.

हासणं.

मी एवढे विनोद करून राह्यलो, अन् चंदाचं हासणं नाई.

"चंदा कुठी आहे?" मी म्हटलं.

"हात धुवायले गेली. पानग्याची राख लागली होती हाताले," बाई म्हणाली. "ते काय, आली."

आली होती. तलावाकडून हळूहळू. चंदा कधी हळू चालत नव्हती. झग्याचा काठ ओला. हात ओले, पुढं धरलेले, जसं दुसऱ्याचे हात असावे.

ती आईपाशी गेली नाई.

ती पंगतीच्या शेवटी गेली. सातव्या पत्रावळीपुढं मांडी घातली. अन् ती पत्रावळ...

आपल्या हातानं सरळ केली.

आशाबाईनं तोंडात पदर कोंबला. ती जिकडं पाहून राह्यली होती तिकडं मी पाह्यलं.

बाईच्या बाजूची पत्रावळ. चंदाची. जी तिनं माह्यादेखत सरळ केली होती.

ती पालथी होती.

तिकडं कोणी गेलं नव्हतं. आम्ही सारे माह्या राखेच्या गोलाभोवती होतो.

अन् तेव्हा पाण्यावरून आवाज आला. लय दुरून. बदकाइच्या पलीकडून.

हासू... हासू...

मंग एक उचकी.

मी समोरच्या पोरीकडं पाह्यलं. तिचं तोंड बंद होतं.

देवाजीनं माह्यं मनगट दाबलं. "खरं सांग. कोणं मांडली होती?"

ठराव होता आमचा. नाव घ्यायचं नाई.

"चंदानं," मी म्हटलं.

त्यानं माह्यं मनगट सोडून देलं.

तेवढंच. शिवी नाई, थापड नाई. सोडून देलं, अन् राखेचा गोल पायानं पुसून टाकला. ते मनगट आजही थंड वाटते मले. मी त्याच्यावर ओरडलो. "जा ना मंग, काढ डोंगा." तो म्हणाला, "कोणाले शोधू? पोरगी तर पंगतीत बसून आहे." तरी गेला बिचारा. दिवस बुडेपर्यंत एकटाच फिरला पाण्यावर, वल्हं मारत.

मास्तर म्हणाला, तो आवाज टेकडीचा. मघाचं हासणं उशिरा वापस आलं. पत्रावळ वाऱ्यानं उलटली. पोरगी भेली म्हणून चूप झाली. त्यानं पोरीले पानगा वाढला. तिनं खाल्ला. नीट, एक कणही न सांडता.

आता पुढचं ऐका, कारण माह्या राग इथून सुरू होते.

चंदा बरी आहे. असं सगळे म्हणते.

ताप नाई आला. झटके नाई आले. वरोऱ्याच्या शाळेत पहिला नंबर. अक्षर मोत्यासारखं. आईले भांडे घासू लागते, बापाचा चष्मा पुसून देते. मास्तर लोकांले अभिमानानं सांगते का पोरगी सुधारली. बाई म्हणते, "मुखरू, किती समंजस झाली रे माह्यी चंदा, देवाची कृपा." मले आधी ती "ए मामा" म्हणे. आता "मामाजी" म्हणते अन् पाया पडते.

हासते. हात तोंडावर धरून, थोडं. उचकी नाई लागत.

मी लय प्रयत्न केले. तिच्या दप्तरात बेडूक ठेवला. तिनं तो हातात धरून अंगणात नेऊन सोडला. खुर्चीचा पाय काढून ठेवला. तिनं तो शोधून आणून बसवला. मी म्हटलं, "चंदे, बापाचा चष्मा लपवू चाल." तिनं माह्याकडं पाह्यलं. राग नाई, भेव नाई. जसं म्हाताऱ्या माणसाले सांभाळून घ्यावं तसं.

मी बाईले सांगतलं. एकदाच. "ही आपली चंदा नाई होय." बाईनं जे केलं ते लिहीत नाई. सहा महिने तिनं मले घरात घेतलं नाई. अन् लोक म्हणाले, मुखरूची नवीन मस्करी. बहिणीलेही सोडत नाई हा माणूस.

बेचाळीस वर्ष खोटं बोललो, लोकांनी मानलं. एकदा खरं बोललो...

गेल्या साली कोसबोडीले गेलो. एकटा. देवाजीच्या अंगणात उभा राहून शिव्या देल्या. त्याले, तलावाले, तलावात जे कोण आहे त्याले. म्हटलं, मस्करी होती, मस्करी कळत नाई काय तुमाले. लेकराची मस्करी होती.

देवाजीनं ऐकून घेतलं. मंग म्हणाला, "भाऊ, आमचा बाप सांगे, पाण्याखाली एक पालथी राह्यतेच. एक सरळ झाली का दुसरी पालथी होते. त्याले मस्करी नाई कळत अन् राग बी नाई कळत."

"मंग माह्यी पालथी कर. चंदाले सोड म्हणा."

तो आत गेला. एक कोरी पत्रावळ घेऊन आला अन् माह्यापुढं धरली. "मी नाई मांडत. तू मांड. आपल्या हातानं."

मी हात पुढं केला.

पळसाचं पान गार होतं. तलाव तिथंच, वीस पावलांवर. वच्छला आठवली. दुकान आठवलं. मी विचार केला, अन् ती वर आली तर ही जी बाईच्या कुशीत झोपते ती कुठं जाईल, बाईचं काय होईल... असं म्हटलं मी मनाशी. चांगलं कारण होतं. मोठ्या मनाचं कारण होतं.

खोटं होतं. मी भेलो होतो.

मी हात मांगं घेतला अन् सायकलवर बसलो. देवाजीनं मले काही म्हटलं नाई. त्याचा मले सगळ्यात जास्त राग आहे.

आता ह्या दिवाळीची गोठ. पाच दिवसांपूर्वीची.

भाऊबीजेले बाई आली, चंदाले घेऊन. चंदा अकरा वर्षाची झाली. उंच झाली. थंडी लवकर पडली यंदा. मी बाजारात गेलो होतो, तिथं लोकरीचं एक सेटर दिसलं. लाल. आठ वर्षाच्या पोरीच्या मापाचं. काऊन घेतलं, मले सांगता येत नाई. घेतलं, कागदात गुंडाळलं, अन् सायकलच्या हँडलले थैली असते तिच्यात खाली दाबून ठेवलं. वरतून पान्हे, पंप. कोणाले दाखवलं नाई. वच्छलालेही नाई. दुसऱ्या दिवशी पहाटे कोसबोडीले जायचं होतं. काठावर ठेवून येईन म्हटलं. तेवढं तरी.

दुपारी मी दुकानासमोर चाकात हवा भरून राह्यलो होतो. चंदा आतून पाण्याचा गिलास घेऊन आली. माह्या हातात देला. मंग सायकलपाशी गेली. थैलीवर हात ठेवला. उघडली नाई. नुसता हात ठेवला.

अन् हळूच म्हणाली...

"तिले थंडी नाई वाजत, मामाजी."

गिलास माह्या हातातून सुटला.

मी तिचा दंड धरला. जोरानं. हात उचलला. तीन वर्षाचा राग त्या हातात होता. म्हटलं आज हिच्या तोंडून काढतोच. कोण आहेस, कुठी ठेवली माह्यी पोट्टी, कसं वापस आणायचं, सगळं.

ती हलली नाई. डोळे नाई मिटले. मारायची वाट पाहत उभी होती. तिचा दंड गरम होता. लेकराच्या दंडासारखाच.

"चंदा," आतून बाईचा आवाज आला. "ये वो माय, गरम-गरम खाऊन घे. तुह्यासाठी साय काढून ठेवली."

बाईच्या त्या आवाजात जी माया होती...

माह्या हात खाली आला.

"आली मा," ती म्हणाली. परकर सावरला, गिलासाचे तुकडे वेचले, अन् आत गेली.

मी पहाटे कुठं गेलो नाई. आजही गेलो नाई. बाई काल वरोऱ्याले वापस गेली, बंडीत पोरीचं डोकं मांडीवर घेऊन. थैली अजून हँडललेच आहे. मी दुकानात बसून हे लिहून राह्यलो, अन् सायकल समोर उभी आहे, हवा भरलेली.